मगनभाईंचा जबडा

वडोदरा, रविवार, रात्री

उत्तरायण होऊन गेले तरी दांडिया बाजारातल्या तारांवर फाटके पतंग अजून लोंबत आहेत, आणि आज वर्गाला आलेल्या मुलांपैकी निम्म्यांच्या बोटांना मांजाने कापल्याच्या पट्ट्या होत्या. मुलांसाठी काम करणाऱ्या ज्या संस्थेत मी निवृत्तीनंतर बाहुल्या नाचवायला जाते, तिचा रविवारचा वर्ग विश्वामित्री नदीच्या काठच्या एका वस्तीत, देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरतो. तिथे आज आमच्या नव्या बाहुलीचा, म्हणजे मगरीचा, पहिला प्रयोग झाला.

ससा, कोल्हा, सिंह ही मंडळी आमच्या पेटीत आधीपासून आहेत, परंतु त्यांतला एकही प्राणी या मुलांनी जवळून पाहिलेला नाही. मगर मात्र त्यांच्या शेजारी राहते. भर शहरातून वाहणाऱ्या नदीत शेकडो मगरी आहेत, असे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगितले की ते आधी थट्टा समजतात, आणि सयाजीबागेजवळच्या पुलावरून एकदा खाली पाहिले की गप्प होतात. थंडीच्या दिवसांत काठावरच्या चिखलात त्या तासन्‌तास ऊन खात पडलेल्या असतात. तेव्हा पेटीत मगर नसणे हेच खरे तर विचित्र होते.

बाहुली हातमोज्याच्या प्रकारातली आहे, फक्त लांब. माझा हात कोपरापर्यंत तिच्यात जातो. जबडा जाड पुठ्ठ्याचा, वर करड्या-हिरव्या जुन्या चादरीचे कापड, पाठीवरच्या खवल्यांसाठी अंड्यांच्या ट्रेचे कापून रंगवलेले उंचवटे, आणि डोळ्यांसाठी टेबल टेनिसचा एक चेंडू अर्धा कापून. बुबुळे कुठे रंगवायची यावर बराच वेळ गेला. ती अगदी मधोमध काढली तर बाहुली कोठेच पाहत नाही, शून्यात नजर लावून बसते; किंचित नाकाच्या बाजूला सरकवली की समोरच्या मुलाला ती आपल्याकडेच पाहते आहे असे वाटते. बाहुलीत जीव येतो तो या नजरेने, आणि दुसरा श्वासाने. काहीच करायचे नसते तेव्हाही मनगट अगदी हळू वर-खाली होत राहिले पाहिजे, नाहीतर क्षणात तिचे कापड होते.

जबड्याच्या आत दोन्ही बाजूंना लाकडाच्या पातळ पट्ट्या शिवल्या आहेत. जबडा हळूहळू उघडायचा आणि फटकन मिटायचा. पट्ट्या ठक्‌ असा आवाज करतात. मगरीचे खरेही असेच असते. तिचे जबडा मिटणारे स्नायू विलक्षण ताकदीचे असतात आणि उघडणारे अगदीच दुबळे, म्हणून तर पकडलेल्या मगरीचे तोंड साध्या दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधून ठेवता येते.

बोलक्या बाहुलीचा जो पहिला धडा आम्हांला शिकवला गेला, तो असा की तोंड उघडताना अंगठा खाली न्यावा, चार बोटे वर उचलू नयेत. नाहीतर प्रत्येक शब्दाला बाहुलीचे डोके मागे उडते आणि तिची नजर छताकडे जाते. माणसाचाही खालचाच जबडा हलतो, तेव्हा नियम बरोबरच आहे. त्याप्रमाणे मी अंगठा खाली नेत होते. प्रयोग मध्यावर आला असताना पुढच्या रांगेतली, दोन वेण्या घातलेली एक मुलगी उठून म्हणाली की मगर असे तोंड उघडत नाही. मग तिने जमिनीवर पालथी पडून, हनुवटी फरशीला टेकवून, डोके वर उचलत तोंड उघडून दाखवले. बाकीच्या मुलांनी माना डोलावल्या.

घरी आल्यावर विचार केला तेव्हा लक्षात आले की ती जे सांगत होती ते तिने रोज पाहिलेले आहे. मगरीचाही हलतो तो खालचाच जबडा. पण काठावर पडलेल्या मगरीची हनुवटी चिखलाला टेकलेली असल्यामुळे तो खाली जाऊ शकत नाही, आणि त्याऐवजी सगळे डोकेच वर उचलले जाते. मगर वरचा जबडा हलवते, हा समज प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या काळापासून चालत आला आहे तो याचमुळे. मुलीला हेरोडोटस ठाऊक असण्याचे कारण नाही, पण काठावरची मगर कशी दिसावी हे तिला माझ्यापेक्षा नक्की ठाऊक होते. प्रयोगाच्या उरलेल्या भागात मी बाहुलीची हनुवटी पडद्याच्या फळीवर टेकवली आणि बोटे वर उचलली. नजर छताकडे गेली, नियम मोडला, आणि मुले खूश झाली.

आणखी एक गंमत झाली. हात डोक्याच्या वर धरून धरून दुखू लागला की बाहुली नकळत खाली बुडू लागते, आणि हा आमच्या कामातला मोठा दोष मानतात. मगर बुडू लागली तेव्हा मात्र मुलांना वाटले की ती पाण्यात शिरते आहे.

मगनभाई हे नाव मुलांनीच ठेवले. मगनभाई बोलत नाहीत, फक्त जबडा वाजवतात, आणि पडद्याबाहेर उभे राहणारे आमचे काका त्याचा अर्थ सांगतात. ही युक्ती राजस्थानच्या भाट कलाकारांची आहे. कठपुतळी नाचवणारा तोंडात बोली नावाची छोटी पिपाणी धरतो, तिच्यातून चिवचिवाट निघतो, आणि ढोलकीवर बसलेली व्यक्ती त्याचे बोलणे लोकांना समजावून सांगते. आमच्या वर्गात गुजराती, हिंदी आणि मराठी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. अर्धवटरावांसारखी अस्खलित बोलणारी बाहुली तिथे कोणत्या तरी एका घरची होऊन बसली असती. ठक्‌ ठक्‌ मात्र सगळ्यांचे आहे. शिवाय काकांनी सांगितलेला अर्थ मुलांना पटला नाही तर ती तो बिनदिक्कत खोडून काढतात.

आज असे एकदाच झाले नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस नदीला जो पूर आला, त्यात ही वस्ती पाण्यात होती, आणि पाण्याबरोबर मगरीही शहराच्या रस्त्यांवर आल्या होत्या. मागे बसलेल्या एका मुलाने मगनभाईंना सरळ विचारले, ‘‘पाणी भरलं तेव्हा आमच्या गल्लीत तूच आला होतास ना?’’ हे संहितेत नव्हते. मी एकदा जबडा वाजवला. काका म्हणाले, ‘‘हो म्हणतायत. वाट चुकले होते.’’ मुलाने थोडा विचार केला आणि पुढचा प्रश्न टाकला, ‘‘मग परत कसा गेलास?’’ यावर काकांना उत्तर देण्याची वेळच आली नाही. तोंडाला पट्टी बांधून, गाडीत घालून नेले, असे चार-पाच जणांनी एकदम ओरडून सांगितले, आणि मग कोण कोणाच्या गच्चीवर राहिले, कोणाची शेळी कुठे बांधली होती, कोणाची दप्तरे वाहून गेली, हे सगळे मगनभाईंना सांगण्याची चढाओढ सुरू झाली. मी पडद्यामागे बसून केवळ मान वळवत राहिले, ज्याचा आवाज येईल त्याच्याकडे. गोष्ट अर्धीच राहिली.

मंगळवार

संस्थेच्या कार्यालयात बैठक. रविवारचा वृत्तान्त सर्वांना आवडला, पण शेवटी मगनभाईंच्या तोंडून ‘नदीकाठी जाऊ नका’ असा संदेश द्यावा, अशी सूचना आली. मी विरोध केला. काठावर घर असलेल्या मुलाला काठी जाऊ नको असे सांगण्यात काय अर्थ आहे? कोणत्या उतारावरून खाली जायचे नाही, कोणत्या वेळी शेळ्या पाण्याकडे सोडायच्या नाहीत, हे त्यांच्या आया त्यांना रोज सांगतात, आणि आमच्यापेक्षा बारकाईने सांगतात. बाहुलीने उपदेश सुरू केला की मुले तिच्याकडे पाहणे सोडून तिच्या आतल्या हाताकडे पाहू लागतात. हे मी वारंवार पाहिले आहे. दात घासण्याचा संदेश देणारा आमचा ससा कोणाला आठवतही नाही.

एका ज्येष्ठ सदस्यांनी सयाजीराव महाराजांचा दाखला दिला. महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मुले शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंडही केला. चांगली गोष्ट लोकांच्या गळी उतरवावीच लागते, असे त्यांचे म्हणणे. दाखला चुकीचा नाही. पण त्याच महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालये उभारली, आणि त्यांची फिरती पुस्तके लाकडी पेट्यांतून गावोगाव जात. ती वाचली नाहीत म्हणून कोणाला दंड झाल्याचे मी ऐकलेले नाही. आमची पेटी त्या पेट्यांच्या वंशातली आहे, असे मी म्हणाले. सदस्य हसले, पण सूचना मागे घेतली नाही. अखेरीस पालकांसाठी वेगळे पत्रक काढायचे ठरले, आणि मगनभाई सुटले.

गुरुवार

रुग्णालयातल्या बालविभागात प्रयोग. येथे पडदा नसतो. खाटेच्या कडेशी उभे राहून एकेका मुलासाठी बाहुली चालवायची. मगनभाईंना नेले नाही. अंड्यांचे ट्रे आणि चादर धुता येत नाहीत, आणि परिचारिकांचा नियम असा की एका खाटेवरून दुसरीकडे जाण्याआधी बाहुली बदलली पाहिजे किंवा तिचा अभ्रा. तो योग्यच आहे. ससा आणि चिमणी या धुण्यासाठीच शिवलेल्या बाहुल्या घेऊन गेले. मोठे तोंड असलेली बाहुली अगदी लहान मुलाच्या चेहऱ्याजवळ न्यायची नसते, आधी ती त्याच्या पायांशी येते, पांघरुणाचा वास घेते, आणि मुलाने बोट पुढे केले तरच वर सरकते. एका मुलाने बोट पुढे केले नाही. ससा त्याच्या पायांशी झोपून राहिला, आणि मी निघेपर्यंत श्वास घेत राहिला.

शनिवार

मगनभाईंचा वरचा जबडा बिजागरीपाशी उसवला आहे. बोटे वर उचलण्याचा हा परिणाम. आज तो दुहेरी दोऱ्याने शिवला आणि आतून खाकी कापडाची पट्टी लावली. उद्या मुलांना स्वतःच्या बाहुल्या करायला शिकवायचे आहे. वेण्यावाल्या मुलीने मगनभाईंची बायको करणार असल्याचे आधीच जाहीर केले आहे, आणि तिची मापे घेण्यासाठी तिला माझा हात हवा आहे. प्रत्येकाने घरून एक जुना पायमोजा आणावा असे मी सुचवले होते, तेव्हा संस्थेच्या कार्यकर्तीने हळूच लक्षात आणून दिले की यांतल्या बऱ्याच घरांत पायमोजे नसतातच. म्हणून वाड्यात सगळ्यांकडे निरोप दिला आहे. धुतलेला असावा, लांब असला तर उत्तम, आणि जोडीतला एकच उरला असला तरी चालेल. संध्याकाळपर्यंत पिशवी निम्मी भरली. बहुतेक मोजे शाळेच्या गणवेशातले पांढरे आहेत, त्यामुळे आता हिरवा रंग आणावा लागेल.