साउथसीचा धक्का आणि पडद्यावरचा धूर

इंग्लंडच्या समुद्रकाठी साउथसीला मी गेले ती एका धुरासाठी. हा धूर निघाला ११ जून १९७४ रोजी, आणि इंग्लिश दिग्दर्शक केन रसेलच्या ‘टॉमी’ या सिनेमात तो कायमचा राहून गेला. सुट्टीच्या कॅम्पमधला भडक रंगांचा, आनंदी प्रसंग आहे. ॲन-मार्गरेट आणि ऑलिव्हर रीड नाचताहेत, आणि मध्येच कॅमेऱ्यासमोरून धुराचा एक पट्टा सरकत जातो. बघणाऱ्याला वाटतं, दिग्दर्शकानेच सोडला असणार. रसेलच्या सिनेमात आग, साप, नन, फेस, काहीही केव्हाही येतं. पण हा धूर खरा होता. शूटिंग चालू होतं तीच इमारत पेटली होती.

हे मला कळलं ते खूप नंतर. ‘टॉमी’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पुण्यात शिकत होते. एका फिल्म सोसायटीच्या खेळाला मैत्रिणीने ओढून नेलं होतं. सिनेमात बोललेलं एकही वाक्य नाही, सगळं गाण्यात. ॲन-मार्गरेट टीव्हीचा पडदा फोडते आणि त्यातून साबणाचा फेस, मग टोमॅटोच्या रश्शातले घेवडे, मग चॉकलेट असा लोंढा तिच्या पांढऱ्या खोलीत शिरतो आणि ती त्यात लोळते. तिथे अर्धे लोक उठून गेले. मी बसून राहिले, आणि का बसून राहिले ते सांगायचं तर अरणगावला जावं लागेल.

आम्ही नगरचे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. दौंड रस्त्याला अरणगाव, तिथे मेहेराबाद. माझी आजी मेहेर बाबांना मानायची. दर अमरतिथीला, म्हणजे ३१ जानेवारीला, ती मला घेऊन जायची. रूळ ओलांडायचे, टेकडी चढायची, ऊन अंगावर घेत हजारो लोकांत बसायचं. आणि बाराच्या ठोक्याला सगळं गप्प व्हायचं. पंधरा मिनिटं. एवढ्या माणसांतून कुणी खोकलं तरी ऐकू यायचं. बाबांनी १० जुलै १९२५ला मौन धरलं ते देह ठेवेपर्यंत, जवळजवळ ४४ वर्षं, सोडलं नाही. लहानपणी मला ती पंधरा मिनिटं जायची नाहीत. आजीच्या पदराला गाठी मारत बसायची मी.

तर पुण्यात त्या दिवशी खेळाच्या आधी कुणीतरी ‘द हू’ या बँडची १९६९ची मूळ तबकडी, जिच्या गाण्यांवर हा सिनेमा केला ती, सगळ्यांना बघायला फिरवली होती. तिच्या वेष्टनावर ‘अवतार मेहेर बाबा’ असं छापलेलं. मी दोनदा वाचलं. बँडची बहुतेक गाणी लिहिणारा पीट टाउनझेंड हा बाबांचा भक्त, पुढे १९७२मध्ये मेहेराबादला येऊनही गेला. बाबांनी देह ठेवला जानेवारी १९६९मध्ये आणि तबकडी आली त्याच वर्षी मे महिन्यात. गोष्ट कसली, तर एक मुलगा डोळ्यांदेखत खून बघतो आणि त्याचं ऐकणं, बोलणं, बघणं बंद पडतं. लंडनच्या रॉक संगीतात नगरच्या टेकडीवरचं मौन! फेस आणि घेवड्याच्या लोंढ्यातही मी जागची हलले नाही ती त्यामुळे.

पुढे त्या धुराची गोष्ट कळली, तेव्हापासून ती जागा बघायचं मनात होतं. या ऑगस्टमध्ये भाच्याकडे रेडिंगला गेले होते, म्हटलं आता नाही तर कधी. त्याआधी त्याच्या कुटुंबाबरोबर चार दिवस लेक डिस्ट्रिक्टला झाले. ते चार दिवस पाऊस, ओले मोजे आणि डर्वेंटवॉटर तळ्याचा काठ यातच गेले. संगीतकार माहलरवरच्या रसेलच्या ‘माहलर’ या सिनेमाची सुरुवात त्याच तळ्यावरची. पाण्याकाठी एक लाकडी झोपडी, निवांत, आणि एकाएकी ती भडकन पेटते. खरा माहलर ऑस्ट्रियातला, पण रसेलने त्याला या इंग्लिश तळ्यापाशी आणून बसवला. ‘टॉमी’तला डोंगरही याच भागातला. रसेलचं घर होतं बॉरोडेलमध्ये, त्यामुळे हे डोंगर त्याच्या अंगणातले. काठावर उभी राहून मी बराच वेळ बघत होते. भाचेसून म्हणाली, “मावशी, इथे काहीच नाहीये हो.” खरंच काही नव्हतं. पाणी होतं आणि धुकं होतं.

साउथसीला मात्र मी एकटी गेले. पोर्ट्समथ शहराला लागूनच हा समुद्रकाठ आहे. रविवारी निघाले ही चूक झाली. रुळांची कामं चालू, बेसिंगस्टोकला गाडी बदलायची तर तिथून पुढे बस दिलेली, आणि त्या बसमध्ये मुलं, बादल्या, फुगवलेल्या बदकांसह अख्खं इंग्लंड समुद्रावर निघालेलं. उतरायची सोय एका घरगुती लॉजमध्ये केली होती. ‘समुद्र दिसणारी खोली’ म्हणून जास्तीचे पैसे घेतले होते. खिडकीतून दिसत होती शेजारच्या घराची वीट. मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “खिडकीतून वाकलात तर दिसतो.” मी वाकले नाही. या वयात कुणी पाहुण्याला वाकायला लावू नये, एवढं मला नक्की वाटतं. आमच्याकडे गरिबाच्या घरीही पाहुण्याला बसायला चांगली जागा देतात.

संध्याकाळी आल्बर्ट रोडवरून चालत किंग्ज थिएटर बघून आले. १९०७चं थिएटर, दिमाखदार. ‘टॉमी’त गायक एल्टन जॉन त्या अचाट उंच बुटांवर उभा राहून पिनबॉल, म्हणजे यंत्रातल्या गोळीचा खेळ, खेळतो, तो प्रसंग इथला. बाहेरूनच बघितलं. दार बंद होतं.

खरं ते दुसऱ्या दिवशी. साउथ परेड पिअर. पिअर म्हणजे समुद्रात खांबांवर बांधत नेलेला लांब धक्का, पण आपल्या भाऊच्या धक्क्यासारखा मासळीचा आणि लाँचींचा नव्हे. नुसतं पाण्यावर फिरायला, नाचायला, मजा करायला बांधलेला. हा पहिल्यांदा झाला १८७९मध्ये. १९०४मध्ये जळला, १९०८मध्ये पुन्हा उभा राहिला. मग १९७४ला ‘टॉमी’च्या वेळी जळला. शूटिंगच्या दिव्याने पडद्याने पेट घेतला असं सांगतात. तो पुन्हा बांधला, पुढे काही वर्षं बंदही पडला आणि २०१७ला परत उघडला. एखादी म्हातारी बाई पडते, उठते, परत भाजीला निघते, तसं आहे त्या धक्क्याचं.

आत शिरले आणि डोकं उठलं. नाणी टाकायची यंत्रं, घंटा, दिवे, तळलेल्या बटाट्यांचा वास, एकावर एक चढवलेली तीन-चार गाणी. टॉमी जो खेळ खेळून देव होतो ते पिनबॉलचं यंत्र मी शोधत होते, मला काही दिसलं नाही. पण तिथे उभं राहून मला रसेल पूर्वीपेक्षा जास्त कळला. हा माणूस इथून जवळच, साउथॅम्प्टनला जन्मला, १९२७मध्ये. वडिलांचं चपला-बुटांचं दुकान. अशाच समुद्रकाठच्या रोषणाईत तो वाढला असणार. लोक त्याला बटबटीत म्हणतात. त्याच्या ‘द डेव्हिल्स’ या सिनेमावर तर १९७१मध्ये केवढं काहूर उठलं, सेन्सॉरने कापाकापी केली, आणि एका समीक्षकाने फार टाकून लिहिलं तेव्हा रसेलने टीव्हीवर, सगळ्यांसमोर, वर्तमानपत्राची सुरळी करून त्याला हाणलं. हे मला आवडत नाही. पण म्हणून त्याला नुसता धिंगाणा घालणारा म्हणणं मला अजिबात मान्य नाही. याच माणसाने १९६२मध्ये बीबीसीसाठी संगीतकार एल्गरवर फिल्म केली. त्यात लहानगा एल्गर पांढऱ्या तट्टावर बसून माल्व्हर्नच्या टेकड्यांवरून दौडतो, वर फक्त संगीत. ते बघून डोळे भरून येतात. आणि १९६८ची डेलियसवरची फिल्म. आंधळा, अंग लुळं पडलेला म्हातारा संगीतकार खुर्चीत बसून एका तरुण मुलाला ओरडून ओरडून स्वर सांगतोय आणि तो मुलगा लिहून घेतोय. आत सगळं संगीत भरलंय, बाहेर यायला वाट नाही. टॉमीही तोच. माणूस आत कोंडला गेला की काय होतं, हे रसेल आयुष्यभर बघत राहिला असं मला वाटतं. त्यासाठीच त्याला एवढा मोठा आवाज लागत असेल. भिंत जाड असली की जोरात ठोकावं लागतं.

यंत्रांच्या खोलीतून बाहेर, धक्क्याच्या टोकाकडे गेले तेव्हा बरं वाटलं. पायाखाली फळ्या, फटींतून हिरवट पाणी. समोर आइल ऑफ वाइट, मधे पाण्यात उभे गोल दगडी किल्ले, आणि त्यांच्याकडे पाठ करून निघालेलं हॉवरक्राफ्ट, पाण्याचा फवारा उडवत. खाली किनाऱ्यावर वाळू नाही, सगळे गोटेच, लाट मागे सरली की ते खडखड वाजतात.

बाकावर एक आजोबा बसले होते. सत्तरीच्या आसपासचे असतील. मी फोनवरचं चित्र आणि समोरची इमारत ताडून बघत होते, त्यांनी विचारलं, काय हरवलंय का? मी म्हटलं, १९७४ची आग शोधतेय. ते हसले नाहीत. हाताने किनाऱ्याकडे दाखवून म्हणाले, “मी तिथे उभा होतो.” धूर बघून धावत आले होते, खूप गर्दी जमली होती, काळे तुकडे उडून रस्त्यापर्यंत येत होते. एवढंच सांगितलं आणि थांबले. मग म्हणाले, “माझी आई इथे नाचायला यायची. शनिवारी. त्याच हॉलमध्ये.”

मी विचारलं, तुम्ही ‘टॉमी’ पाहिलात? नाही म्हणाले. कधीच नाही. ज्यांनी हॉल जाळला त्यांचा सिनेमा आईने घरात बघू दिला नाही, आणि पुढे त्यांनाही बघावासा वाटला नाही.

मला काय करावं कळेना. माझ्या फोनमध्ये तो प्रसंग होता. दाखवू का, हे विचारायलाच मला वेळ लागला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि हात पुढे केला. ऊन पडद्यावर येत होतं म्हणून मी माझी ओढणी वर धरली, आणि तिच्या सावलीत आम्ही दोघं वाकून बसलो. गाणं लागलं, कॅम्प आला, हॉल आला. ॲन-मार्गरेट आणि रीड नाचायला लागले. आजोबांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ते मागचं बघत होते. एकदा बोटाने पडदा थांबवला आणि नाचणाऱ्यांच्या मागची जमीन, भिंत असं काहीतरी बघत राहिले. पुन्हा चालू केलं. धूर आला. तो पट्टा, इतका हलका की सांगितल्याशिवाय कळूही नये. त्यांनी परत मागे नेलं, परत बघितलं. असं चार वेळा. एकही शब्द नाही. आतून यंत्रांच्या घंटा येत होत्या, वर सीगल किंचाळत होते, पण त्या ओढणीखाली अगदी अरणगावसारखं होतं.

त्यांच्या आईचा हॉल जगात आता तेवढ्याच जागी उरला होता. जळतानाचा, आणि जळण्याच्या थोडा आधीचा.

फोन परत देताना त्यांनी विचारलं, तुम्ही एवढ्या लांबून या सिनेमासाठी का आलात? मग मी सांगितलं. आजी, टेकडी, बारा वाजताची शांतता, आणि हा सिनेमा ज्या गाण्यांवर केला त्यांच्या तबकडीवर आमच्या गावाजवळच्या माणसाचं नाव कसं आलं ते. ४४ वर्षं मौन, हे ऐकून ते सावरून बसले. म्हणाले, “मग त्यांना चहा हवा असला तर?”

मी म्हटलं, आधी त्यांच्याकडे अक्षरांची पाटी असायची, तिच्यावर ते बोट ठेवत जायचे. १९५४मध्ये तीही सोडली. मग नुसत्या खुणा. आजी ती एक खूण करून दाखवायची तशी मी करून दाखवली, अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल. सगळं उत्तम आहे, अशी ती खूण.

त्यांनी ती बघितली. आपला अंगठा आणि तर्जनी तशी जुळवून बघितली, बोटं सांध्यांत आखडली होती म्हणून गोल नीट होईना. मग त्याच हाताने कप तोंडाला लावल्याची खूण केली, भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ते उठले आणि फळ्यांवरून हळूहळू चालत चहा आणायला गेले.