तुम्ही विचारलंत म्हणून: ‘फक्त चालून?’

प्रश्न दोनच शब्दांचा आहे, पण विचारणाऱ्याची नजर आधी माझ्या पोटावर जाते आणि मग चेहऱ्यावर येते. पाच वर्षांपूर्वी हाच प्रश्न कौतुकाने यायचा, कारण तेव्हा मी ९४ किलोंवरून ७९ वर आलो होतो. आता काटा ८६ दाखवतो आणि त्याच दोन शब्दांचा सूर पार बदललाय. जोडीला आणखी एक येतो: ‘अजून चालता का?’ चालतो. आठवड्यातले सहा दिवस, रोज पन्नास-पंचावन्न मिनिटं. माझं चालणं सुटलं असेल अशी आशा धरून बसलेल्यांची निराशा होईल, पण नाईलाज आहे.

आजवर मी या प्रश्नाची तीन उत्तरं दिली. पहिलं, ‘हो, फक्त चालून.’ दुसरं, वजन परत चढायला लागल्यावरचं, ‘वजनाचं काय घेऊन बसलात, तब्येत बघा.’ तिसरं म्हणजे नुसतं हसणं. तिन्हींत थोडी थोडी लबाडी आहे. पहिल्यातल्या लबाडीची किंमत मला मोजावी लागली नाही, माझ्या बहिणीने मोजली. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी हिशेब. हा हिशेब सहसा कुणी करत नाही, कारण केला की चालायचा हुरूपच जातो. ९४ किलोंचा माणूस तासाला पाचेक किलोमीटरच्या चालीने तासभर चालला तर, तेवढाच वेळ बसून राहिल्यावर जे जळलं असतं त्याच्या वर, सव्वादोनशे ते अडीचशे कॅलरी जळतात. ट्रेडमिलवर तीनशेच्या पुढचा आकडा दिसतो तो वेगळा. तुम्ही झोपून राहिला असतात तरी ज्या जळणारच होत्या, त्याही त्यात तुमच्या नावावर लिहिलेल्या असतात. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. वजन उतरलं त्या अकरा महिन्यांत मी तीनशे दिवस चाललो असेन. गुणा आणि भागा: नऊ-साडेनऊ किलो. तेही कागदावरच, कारण वजन उतरत जातं तसं तेच अंतर कमी कॅलरीत कापलं जातं, आणि चालून आलेल्या माणसाला भूकही सपाटून लागते. माझे उतरले होते पंधरा.

उरलेले कुठून गेले? ताटातून. त्या वर्षी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी केली, एचबीएवनसी ६.३ आलं. ६.५ पासून मधुमेह म्हणतात. मी घाबरलो. रात्रीचं जेवण जवळजवळ बंद केलं, दुपारचं निम्म्यावर आणलं. संध्याकाळी मुद्दाम उशिरा चालायला जायचो, म्हणजे परत येईपर्यंत घरातल्यांची जेवणं उरकलेली असत आणि ‘तू का नाही जेवलास’ हा प्रश्न निघत नसे. चालणं सगळ्यांना दिसायचं. न जेवणं कुणालाच दिसत नव्हतं.

मग लोकांनी विचारलं तेव्हा हे का सांगितलं नाही? तेव्हाचा मी आजही माझ्याशी वाद घालतो. म्हणतो, खोटं कुठे बोललो, चालत तर होतोच ना. बरोबर आहे. पण ‘खाणं कमी केलं’ म्हणताना आधी भरमसाट खात होतो हे आपोआप कबूल होतं, आणि ‘चालतो’ म्हणताना माणूस एकदम कष्टाळू ठरतो. मला कष्टाळू ठरायचं होतं. शिवाय मी जे करत होतो ते काही आदर्श नव्हतं. भीतीपोटी उपाशी राहणं होतं. ते सांगितलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी केलं असतं, म्हणून सांगितलं नाही, असंही मी स्वतःला समजावलेलं आहे. हे कारण मात्र मी नंतर शोधून काढलं, बहुतेक.

आता ताई.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. निवृत्त झाल्यावर तिचीही साखर उंबरठ्यावर आली, आणि तिने मला फोन केला. घरात वजन उतरवलेला मी एकटाच. मी तिला अगदी अभ्यास करून उत्तर दिलं. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले होते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची तीन हजारांहून जास्त माणसं त्यात होती. आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम करणाऱ्या गटात, आणि तो व्यायाम म्हणजे बहुतेकांचं चालणंच होतं, मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ताईला मी १५० आणि ५८ हे दोन आकडे सांगितले. त्याच गटाचं खाणंही मोजूनमापून कमी केलेलं होतं आणि सात टक्के वजन उतरवायचं असं ठरवून दिलेलं होतं, हा भाग गाळला. मला तो माहीत होता.

तिने बूट घेतले, चौकटीची वही घेतली, आणि चालायला लागली. ताई कुठलीही गोष्ट करते ती पूर्ण करते. दोन महिन्यांनी फोन आला, ‘काही हलत नाही रे.’ मी म्हटलं, ‘लगेच नसतं हलत, थांब.’ चार महिन्यांनी पुन्हा फोन. ‘तुझं तर तोवर सहा-सात उतरलं होतं ना?’ यावर मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं: ‘जरा वेग वाढव. आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा जा.’

त्यानंतर दोनेक महिन्यांनी तिच्याकडे राहायला गेलो होतो. पहाटे जाग आली ती कसल्याशा आवाजाने. दार अर्धवट उघडं होतं. ताई पलंगाच्या कडेवर बसली होती. तिने उजवा पाय जमिनीला लावला, दातांतून श्वास आत ओढला, उचलला, पुन्हा लावला. मग उठली आणि भिंतीवर तळहात टेकत, टाच अधांतरी ठेवून, चवड्यावर चालत मोरीपर्यंत गेली. बल्ब लागला तेव्हा दिसलं, त्या भिंतीवर हाताच्या उंचीवर एक मळकट पट्टा उमटला होता. तो एका दिवसात उमटत नाही. टाचेचं हे दुखणं पहिल्या पावलांना सगळ्यात जास्त छळतं आणि थोडं चाललं की सैलावतं, त्यामुळे माणसाला वाटतं चालून बरं वाटतंय. तिला तसंच वाटत होतं. वीस मिनिटांनी ती बूट घालून दारात उभी: ‘येतोस?’

गेलो. ती माझ्यापुढे होती. मी तिला हळू चल म्हणालो नाही, कारण म्हटलं असतं तर मग बाकीचंही बोलावं लागलं असतं. अर्ध्या वाटेत, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, ‘तू खरंच एवढंच केलंस?’

मी ‘हो’ म्हणालो.

इतर लोकांना दिलेली उत्तरं अर्धवट होती, सोडून देता येतील. हे उत्तर संपूर्ण होतं, आणि दुखऱ्या टाचेवर चालणाऱ्या सख्ख्या बहिणीला दिलेलं होतं.

दुपारी ती झोपली असताना वही उघडली. उघडायला नको होती. तारीख, मिनिटं, वजन असे तीन रकाने. ८२.४, ८२.१, ८२.६, ८१.९, ८२.३. सहा महिने हेच. शेजारी चौथा रकाना होता, त्याला मथळा नव्हता. त्यात बारीक अक्षरात: ‘आळस.’ ‘दुपारी बसून राहिले.’ ‘मनापासून नाही.’ ज्या दिवशी ती दोन्ही वेळा मिळून सत्तर मिनिटं चालली होती, त्या दिवसापुढे लिहिलं होतं, ‘कमी पडले.’

वही होती तशी ठेवली. तेव्हाही बोललो नाही. घरी आल्यावर अकरा दिवसांनी फोन करून सांगितलं: रात्री जेवत नव्हतो, दुपारी निम्मं. ताई बराच वेळ गप्प राहिली. ती रडेल किंवा हसेल असं मला वाटलं होतं, दोन्हींची तयारी करून बसलो होतो. ती म्हणाली, ‘अरे, मग मला वेग वाढव कशाला म्हणालास?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. अडीच महिने तिचा फोन आला नाही. टाच बरी व्हायला त्याहून जास्त दिवस लागले.

हे वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे चालण्याने काही होत नाही. थांबा, असंही मी म्हटलेलं नाही, आणि तसं कुणी म्हटलं की मला राग येतो. टांझानियात शिकार करून, कंदमुळं गोळा करून राहणारे हाडझा लोक आहेत. ते दिवसभरात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त चालतात. २०१२ साली त्यांचा दिवसाचा ऊर्जाखर्च मोजला गेला, तर शरीराच्या आकाराच्या मानाने तो शहरी पाश्चात्त्य माणसांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. शरीर कुठेतरी दुसरीकडे काटकसर करतं, असा त्यावरून एक तर्क मांडला गेला आणि त्यावर अजून वाद चालू आहेत. लोक हे ऐकतात आणि सुटका झाल्यासारखे खुर्चीत मागे टेकतात. हाडझांना असले अभ्यास वाचून खुर्चीत टेकायची सोय नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

उलट बाजूचा पुरावाही मी बऱ्याच जणांच्या तोंडावर फेकलाय. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी, बसून राहणाऱ्या चालकांना जास्त. हे मी भाषणासारखं सांगायचो. मग कधीतरी पुढचा भाग वाचला. १९५६ साली त्याच मॉरिस यांनी गणवेशांच्या मापांचा अभ्यास केला. चालकांच्या विजारींची कंबर वाहकांपेक्षा मोठी होती, आणि हा फरक तरुण कर्मचाऱ्यांतही दिसत होता. म्हणजे बसून बसून कंबर वाढली, की रुंद कंबरेची माणसंच बसायच्या कामाला गेली? तेव्हापासून मी ते भाषण बंद केलं. अगदी बंद नाही. विजारींचा भाग सांगायचं मात्र टाळतो.

दहा हजार पावलांबद्दल विचारणारे निराळेच. मनगट पुढे करून घड्याळ दाखवतात. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आलाय. ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. २०१९ मध्ये सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिवसाला २,७०० पावलांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा थबकला. वजन उतरतं का, हा त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. पण घड्याळ दाखवणाऱ्याला तोच हवा असतो.

राहता राहिले माझे परत आलेले सात किलो. चालणं तेवढंच, सात किलो वर. रात्रीचं जेवण हळूहळू परत आलं, आधी ‘आज एकच दिवस’ म्हणून, मग रोज. चालत नसतो तर चौदा चढले असते असं मी ठासून सांगतो. वजन उतरवण्यापेक्षा उतरलेलं टिकवायला चालणं जास्त कामी येतं, असं जाणकारही म्हणतात. पण माझं पूर्ण टिकलेलं नाही, आणि न चालणारा दुसरा मी कुठे ठेवलेला नाही की त्याला काट्यावर उभं करून ताडून बघावं. कधी वाटतं, तेव्हा उपाशी राहिलो तेच बरं होतं, निदान आकडा तरी हलला. कधी वाटतं, त्या वर्षी मी कुणाशी धड बोलतसुद्धा नव्हतो.

ताई अजून चालते. जेवणानंतर पंधरा-पंधरा मिनिटं, सावकाश. वजन ८१ आणि ८२ च्या मध्ये कुठेतरी. वही बंद केली आहे म्हणते. साखरेने उंबरठा ओलांडलेला नाही. झोप चांगली लागते म्हणते. श्रेय कशाला द्यायचं हे तिलाही सांगता येत नाही, आणि आता ती मला विचारतही नाही.

फक्त तिच्याकडे कुणी माझी चौकशी केली की फोन लावून माझ्याच हवाली करते. परवा अशीच एक शेजारीण होती. ‘तुमचं म्हणे फक्त चालून उतरलं?’ मी म्हटलं, ‘नाही.’ ‘मग?’ मी सुरुवात केली, रात्रीच्या जेवणापर्यंत जेमतेम पोचलो असेन. ‘असं होय,’ त्या म्हणाल्या, ‘मग राहू द्या.’ आणि फोन ताईकडे परत गेला.