नव्या तलंगा जुन्या खुराड्यात आणताना

अंधार पडून कोंबड्या दांडीवर बसल्या की मी खुराड्यात जाते, तिन्ही नव्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांना, एकेक करून हळूच काखेत घेते आणि मानेच्या बुडाशी, उजव्या अंगाला असलेली त्यांची दाण्याची पिशवी बोटांनी चाचपते. दिवसभर पोटभर चरलेल्या पक्ष्याची ही पिशवी संध्याकाळी लिंबाएवढी, भरीव आणि किंचित दबणारी लागते. उपाशी राहिलेल्या पक्ष्याची मात्र पिसांखाली सापडतही नाही. गेले पंधरा दिवस माझा हा नेम चालू आहे. कळपात नवे पक्षी मिसळताना सर्वांत महत्त्वाचे काम कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी या चाचपण्याचेच नाव घेईन, कारण ते न केल्यामुळे मी एक पक्षी गमावला आहे.

ती तीन वर्षांपूर्वी आणलेली कवडी तलंग होती. माझ्याकडे तेव्हा पाच कोंबड्या होत्या आणि सहावी म्हणून मी तिला एकटीलाच आणून थेट त्यांच्यात सोडले. दोन दिवस तिच्यामागे धावाधाव आणि टोचाटोची झाली, तिच्या तुऱ्यावर खपली धरली, आणि तिसऱ्या दिवसापासून सगळे शांत झाले. जुन्या कोंबड्यांनी तिला सामावून घेतले, असा मी या शांततेचा अर्थ लावला. प्रत्यक्षात ती घरट्याच्या पेटीमागच्या अरुंद जागेत दिवसभर उभी राहत होती आणि दाण्याच्या भांड्याकडे फिरकतच नव्हती, म्हणून तिला टोचण्याची कोणाला गरज उरली नव्हती. नवव्या दिवशी मी तिला उचलले, तेव्हा तिच्या छातीचे हाड सुरीच्या पात्यासारखे तळहाताला लागले. वेगळी ठेवून, पाणी आणि ओला दाणा भरवूनही ती दोन दिवसांपलीकडे जगली नाही. तुऱ्यावरची ती वाळलेली खपली सोडली, तर तिच्या अंगावर एकही जखम नव्हती.

त्यानंतर मी कोंबड्यांच्या मानापमानाचा विषय मनापासून समजून घेतला. प्रत्येक कळपात कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी कोणासमोर मान खाली घालायची, याची एक उतरंड ठरलेली असते. थोरलेफ श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञाने ती 1921 मध्ये आपल्या प्रबंधात प्रथम मांडली, आणि त्यासाठी त्याने लहानपणापासून स्वतःच्याच कोंबड्यांच्या केलेल्या नोंदी वापरल्या होत्या. परसात चार कोंबड्या पाळणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार जवळची वाटते. उतरंड म्हणजे रोजचे भांडण नव्हे. उलट ती एकदा ठरली की भांडणे थांबतात, कारण दाण्यापाशी कोण पुढे आणि कोण मागे हे प्रत्येकीला ठाऊक असते. नवा पक्षी आला की हे ठरलेले सगळे विसकटते. सहा कोंबड्यांत जोड्या पंधरा, म्हणजे ठरवायची नाती पंधरा. त्यांत तीन नव्या आल्या की आणखी अठरा नाती नव्याने ठरायची असतात, आणि नव्या पक्ष्यांची आपसांतली तीन वेगळीच. इतक्या गोष्टी दोन दिवसांत मार्गी लागतील ही अपेक्षाच चुकीची आहे. एकटा पक्षी आणू नये, याचेही कारण इथेच आहे. एकटीवर सहाही जणींचे लक्ष राहते. तिघी असल्या तर ते वाटले जाते, आणि मार खाऊन परतल्यावर शेजारी उभे राहायला ओळखीचे कोणी तरी असते.

या वेळी मी बारा आठवड्यांच्या, एकत्र वाढलेल्या तीन तलंगा आणल्या: एक काळी, एक भुरी आणि एक मानेवर सोनेरी झाक असलेली. पहिले 30 दिवस त्या जुन्या कळपाच्या वाऱ्यालाही लागल्या नाहीत. त्यांची जागा परसाच्या दुसऱ्या टोकाला होती, दाण्यापाण्याची भांडी वेगळी होती, झाडूही वेगळा होता. रोज आधी जुन्या कोंबड्यांचे सगळे उरकायचे आणि नंतरच चपला बदलून नव्यांकडे जायचे, हा क्रम मी एकदाही मोडला नाही. पुष्कळ जण हा महिना वाया गेला असे समजतात, आणि मला त्याचे वाईट वाटते, कारण पुढे कळपभर पसरणारे दुखणे बहुधा याच टप्प्यावर अडवता येते. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लागण झालेला पक्षी दोन दिवसांपासून पंधरा दिवसांपर्यंत केव्हाही लक्षणे दाखवू शकतो. श्वासाचा जुनाट रोग तर त्याहून फसवा असतो; त्यातून बरी झालेली कोंबडी दिसायला ठणठणीत असली, तरी जन्मभर रोग वाहत राहते, आणि जागाबदलाचा ताण पडला की तिला पुन्हा शिंका येऊ लागतात, डोळ्यांत फेस दिसतो. हा ताण तिला माझ्या जुन्या कोंबड्यांपासून दूर असतानाच येऊन जावा, हे बरे. काही अनुभवी पालक महिन्याच्या शेवटी आपली एक जुनी कोंबडी नव्यांसोबत ठेवतात आणि ती आजारी पडते का ते पाहतात. उपाय सयुक्तिक आहे, पण सहांपैकी कोणती पाठवायची हे मला ठरवता आले नाही, म्हणून मी तो केला नाही.

मॅरेक या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाबद्दल मात्र आणण्याआधीच विचारून घ्यावे. याची लस पिल्लाला अंड्यातून बाहेर येतायेताच दिली जाते. लस घेतलेला पक्षी स्वतः सहसा आजारी पडत नाही, पण त्याच्या पिसांच्या कोंड्यातून विषाणू पसरू शकतो. म्हणजे लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या कोवळ्या पक्ष्यांना एकत्र करणे जोखमीचे असते.

उवा शोधायला पक्षी उलटा धरून शेपटीखालची पिसे फुंकर मारून दूर करावी लागतात. चौथ्या दिवशी भुरीच्या बाबतीत मला तिथे पिसांच्या मुळांशी मिठाचे खडे चिकटावेत तशा पांढऱ्या लिखांच्या गाठी दिसल्या. पशुवैद्यांनी सांगितलेली भुकटी लावली, आणि लिखांवर तिचा परिणाम होत नाही म्हणून दहा दिवसांनी पुन्हा लावली. लाल माइटचा शोध वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो, कारण तो दिवसा पक्ष्याच्या अंगावर नसतोच. तो दांडीच्या फटींत लपतो आणि रात्री रक्त पिण्यासाठी बाहेर येतो. म्हणून मी रात्री विजेरी घेऊन दांडीच्या टोकांवरून पांढरे फडके फिरवले. त्यावर तांबडा डाग उमटला असता तर मुक्काम आणखी वाढवला असता. पायांवरची खवले उचललेली नाहीत ना, शिटेत रक्त नाही ना, हेही याच काळात पाहिले.

दाण्याचा प्रश्नही तेव्हाच सोडवून ठेवला. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साधारण साडेतीन ते चार टक्के असते, आणि वाढत्या तलंगेला जेमतेम एक टक्का पुरते. जास्तीच्या कॅल्शियमने तिची मूत्रपिंडे बिघडतात. एकाच आवारात दोन प्रकारचे खाद्य राखणे शक्य नसते, कारण प्रत्येकीला दुसरीच्या भांड्यातले हवे असते. म्हणून मी सगळ्यांनाच वाढीच्या वयाचे खाद्य सुरू केले आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला. अंड्यावर असलेली कोंबडी तो गरजेप्रमाणे आपणहून टिपते आणि तलंगा त्याकडे सहसा लक्ष देत नाहीत.

महिना संपल्यावर मी नव्या तिघींना जुन्यांच्याच आवारात, पण जाळीच्या कुंपणापलीकडे आणले. ही दोन आठवड्यांची जाळी म्हणजे या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. पहिल्या दिवशी माझी तांबडी, जी कळपात सर्वांत वर आहे, मानेची पिसे फुलवून, एक पंख जमिनीला टेकवत, तिरपी चालत जाळीपाशी आली आणि तिने काळीच्या दिशेने जाळीवर चोच आपटली. काळी दोन पावले मागे सरली आणि तिने मान खाली घातली. दोघींपैकी कोणालाही ओरखडा न पडता त्यांचे एक नाते त्या क्षणी ठरले. अशी कितीतरी नाती पुढच्या दिवसांत जाळीतूनच ठरत गेली. मी दोन्ही बाजूंची दाण्याची भांडी रोज थोडी थोडी जाळीकडे सरकवत नेली, आणि नवव्या दिवशी तांबडी व काळी वीतभर अंतरावर, मध्ये फक्त तार ठेवून, एकमेकींकडे न बघता दाणे टिपत होत्या. त्या दिवशी मला फार हायसे वाटले.

नवे पक्षी रात्री अंधारात दांडीवर नेऊन ठेवावेत, सकाळी जुन्यांना काही कळत नाही, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. अंधारात कोंबडीला फारसे दिसत नाही हे खरे, पण कोंबड्या एकमेकींना चेहऱ्यावरून आणि तुऱ्यावरून ओळखतात, आणि उजाडताच अनोळखी चेहरा त्यांच्या लक्षात येतो. तेव्हा दार बंद असते आणि पळायला जागा नसते. म्हणून मी जाळी उघडली ती सूर्यास्ताआधी दोन तास, मोकळ्या आवारात. त्याआधी आवाराची मांडणी बदलली: एक जुनी फळी भिंतीला तिरपी लावली, दोन टोपल्या पालथ्या घातल्या, एक फांद्यांचा भारा मधोमध ठेवला. कोणतीही आडोशाची जागा दोन्ही बाजूंनी मोकळी राहील याची काळजी घेतली, कारण कवडी जिथे अडकली ती पेटीमागची जागा एकाच बाजूने उघडी होती. दाण्याची तीन आणि पाण्याची तीन भांडी, एकावरून दुसरे दिसणार नाही अशा बेताने ठेवली. पालेभाजीची एक जुडी कोंबडीला मान उंचावावी लागेल इतक्या उंचीवर टांगली, आणि जुन्या कोंबड्यांचा पहिला अर्धा तास तिच्यातच गेला.

जागेचा हिशेब मात्र पक्षी आणण्याआधीच करायला हवा. खुराड्यात प्रत्येकीला चार चौरस फूट, आवारात दहा चौरस फूट आणि दांडीवर 20 ते 25 सेंटीमीटर हे मी किमान धरते. त्यापेक्षा कमी जागेत कितीही दिवस जाळी लावली तरी उपयोग होत नाही.

उघडल्यानंतर काय सोसायचे आणि काय नाही, हे मनाशी ठरलेले असावे. पाठलाग, डोक्यावर एखादी चोच, उपटलेले एखादे पीस, हे चालू द्यावे. दर वेळी मध्ये पडले तर ठरत आलेले नाते पुन्हा अर्धवट राहते. पण दोघी-तिघी मिळून एकीला घेरत असतील, खाली बसून शरण आलेलीला कोणी टोचतच राहिले, किंवा रक्ताचा थेंब दिसला, तर क्षणभरही थांबू नये. लाल रंगाकडे सगळ्या कोंबड्या ओढल्या जातात आणि लहानशी जखम तासाभरात जीवघेणी होऊ शकते. जखमी पक्ष्याला अर्थातच आत घ्यावे, परंतु जखम नसेल तर मार खाणारीऐवजी मारणारीला तीन-चार दिवस बाजूला ठेवणे अधिक परिणामकारक ठरते. या खेपेस मला तांबडीला वेगळे करावे लागले नाही. खालच्या पायरीवरच्या एका पांढऱ्या कोंबडीला मात्र करावे लागले. नव्या तिघींवर सर्वाधिक तुटून पडत होती ती तीच, बहुधा स्वतःखाली कोणी यावे याची निकड तिलाच सर्वाधिक होती. चार दिवसांनी परतल्यावर तिचा जोर ओसरलेला होता.

या दिवसांत अंडी घटली. सहा कोंबड्यांची रोजची चार-पाच अंडी पहिल्या आठवड्यात दोनवर आली आणि एक मऊ कवचाचे निघाले. ताणाखाली असे होते, आणि आता ती पुन्हा चारवर आली आहेत.

सोनेरी मानेची आणि भुरी पहिल्या दिवसापासून पोटभर खात आहेत. काळीची पिशवी मात्र पाचव्या संध्याकाळी अर्धीच भरलेली लागली. वजनकाट्यावर ठेवले तेव्हा ती चार दिवसांपूर्वीच्या 1420 ग्रॅमवरून 1360 वर आली होती. दुसऱ्या दिवशी मी आवारात नुसती बसून राहिले, तेव्हा दिसले की ती भांड्यापाशी जाते, पण कोणी जवळ आले की निघून जाते आणि तासभर परतत नाही. मी तिसरे भांडे उचलून फांद्यांच्या भाऱ्यामागे ठेवले, जिथे ती दुपारी बसते. आठव्या दिवशी पिशवी भरलेली होती, बाराव्या दिवशी वजन 1450 ग्रॅम झाले, आणि काल संध्याकाळी दांडीवर ती पांढरीला लागून बसलेली दिसली, तिचा तुराही आता लाल होऊ लागला आहे. भाऱ्यामागचे भांडे मी अजून तिथेच ठेवले आहे.