तुम्ही विचारलंत म्हणून: थायरॉइड, नसा की सांधे?

स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, धंतोलीत ऑटोतून उतरताना, कुठेही भेटलात तरी माझ्या धडधडीबद्दल आणि चक्करेबद्दल तुमचा प्रश्न ठरलेला असतो. ‘मग निघालं काय नेमकं? थायरॉइड, नसांचं, की ते सांध्यांचं?’ दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही, म्हणून मी ‘बरं आहे आता’ म्हणते. तुम्हाला वाटतं मी लपवते. आज सगळं सांगते.

एकच नाव हवं, हा हट्ट तुमच्याआधी माझा होता. तीन वर्षांपूर्वी रक्ताचा रिपोर्ट आला, टीएसएच कमी आणि टी-फोर जास्त, म्हणजे थायरॉइड जास्त काम करतोय असा, तेव्हा मी आनंदाने रडले होते. धडधड, चक्कर, हातपाय गळणं, सगळ्याला थायरॉइड हे सुटसुटीत नाव मिळालं. भावाला फोन करून सांगितलं, ‘सापडलं!’ पुढच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, ‘केसांसाठी काही घेता का?’ घेत होते. रोज १० मिलिग्रॅम बायोटिनची, म्हणजे एका बी जीवनसत्त्वाची गोळी. शरीराला दिवसाला लागतं ते ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. थायरॉइडच्या बऱ्याच तपासण्यांच्या रसायनांतच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते फार झालं की आकडे खोटे येतात आणि थायरॉइड वाढल्यासारखा दिसतो. तीन दिवस गोळी बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं. सगळं नॉर्मल. त्या दिवशी मी डॉक्टरांवरच चिडले. हातातलं नाव काढून घेतलं होतं ना त्यांनी.

तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, तुला बरं व्हायचं होतं की फक्त खरं ठरायचं होतं? उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

खरं तर फरक माझ्या मनगटावरच्या घड्याळात दिसत होता. रात्री झोपेत नाडी ६०-६२, आणि सकाळी गॅससमोर पोळ्या लाटताना १२०. थायरॉइड वाढलेल्या माणसाची नाडी झोपेतही सहसा पळतीच राहते. तुम्ही उभे आहात की आडवे, हे थायरॉइडला कळत नाही. ते कळतं आपल्या हुकमाशिवाय काम करणाऱ्या नसांना, ऑटोनॉमिक म्हणतात त्या. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं, आणि ते वर ढकलायचं काम याच नसांचं.

दुसरे हार्मोनही तपासले. मला लहानपणापासून मीठ लागतं, कैरीपेक्षा तिच्यावरचं मीठ मी जास्त खाल्लं असेल. म्हणून मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कमी पडतात का, हे बघायला सकाळी आठचं कॉर्टिसोल, म्हणजे त्याच ग्रंथींचं हार्मोन, आणि सोडियम झालं. त्या आजारात मिठाची ओढ असते, पण बीपी उतरतं आणि कातडी काळवंडते. मला तसं काही नव्हतं. मग धडधड वाढवणारं हार्मोन जास्त आहे का, हे बघायला २४ तासांची लघवी कॅनमध्ये साठवून लॅबला नेली. तीही स्वच्छ.

आता उभं करून तपासलं त्या दिवसाचं. मे महिना होता, बाहेर ४५ अंश. सोबत बाबा होते, फाइलची पिशवी मांडीवर घेऊन. बाबा एसटीत कंडक्टर होते, तीस वर्षं चालत्या गाडीत उभ्याने तिकिटं फाडली. परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरव्हिजन करताना मी कोसळले, तेव्हा ते म्हणाले होते, ‘उभं राहाले काय लागते बेटा? मनाले लावून घेतलं तू.’ वाईट हेतूने नाही बोलले. पण ते वाक्य मला पडण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

डॉक्टरांनी मला दहा मिनिटं आडवं झोपवलं. नाडी ७०, बीपी ११० वर ७०. मग चपला काढून, खांदे भिंतीला टेकवून उभं केलं. बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. पहिल्या मिनिटाला ९६. तिसऱ्याला १०८. कूलर घरघरत होता, त्याचा आवाज हळूहळू लांब जायला लागला. पाचव्याला ११४. तळवे ओले, मानेच्या मागे कुणी दगड ठेवल्यासारखं. बीपी मात्र ११२ वर ७८, पडलंच नाही. इतकी वर्षं प्रत्येक ठिकाणी बसवून बीपी बघायचे आणि ‘नॉर्मल आहे’ म्हणायचे, ते असं. आठव्या मिनिटाला १२१. मी समोरच्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचत होते आणि त्या जुळत नव्हत्या.

तेवढ्यात बाबा खुर्चीतून उठले. ते माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते, खाली बघत होते. माझे पाय घोट्यापर्यंत जांभळट झाले होते, पिकत आलेल्या जांभळासारखे. ‘डॉक्टरसाहेब,’ ते म्हणाले, ‘बसू द्या ना जी तिले.’ डॉक्टर म्हणाले, ‘दोनच मिनिटं, काका.’ बाबांनी फाइलची पिशवी खाली ठेवली आणि माझ्या पायांशी उकिडवे बसले, हात पुढे करून, मी पडले तर झेलता यावं म्हणून. दहा मिनिटं पूर्ण झाली. आडवी झाले तसे पाय पाच मिनिटांत पांढरे. परतताना ऑटोत बाबा काही बोलले नाहीत. घराच्या वळणावर फक्त म्हणाले, ‘मी तुले उगाच बोललो.’

उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी ३० किंवा जास्त वाढते, बीपी पडत नाही, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चालतं, याला पॉट्स म्हणतात. १९९३ साली नाव मिळालं. माझी ५१ ने वाढली होती.

‘म्हणजे नसांचंच ना?’ थांबा. त्याच डॉक्टरांनी माझा अंगठा मनगटाकडे वाकवला, तर तो सरळ हाताला टेकला. कोपर उलटे जातात, करंगळ्या ९० अंशांच्या पुढे. सांधे किती सैल आहेत ते मोजणारा बेटन स्कोअर ९ पैकी ६, सैल म्हणायला माझ्या वयाला ५ पुरतात. शाळेत हाच अंगठा दाखवून मी मैत्रिणींकडून चिंचा जिंकायचे. पायाचा घोटा वर्षातून दोनदा मुरगळायचा, तो सैल सांध्यांमुळे, हे पस्तिसाव्या वर्षी कळलं. पण नुसतं लवचीक असणं म्हणजे एहलर्स-डॅनलॉस, म्हणजे शरीर जोडून धरणाऱ्या ऊतीच सैल असण्याचा जन्मजात आजार, नव्हे. त्याच्या २०१७ च्या निकषांत मी पूर्ण बसत नाही. त्याच्या बहुतेक प्रकारांचं जनुक सापडलंय, या सैल सांध्यांच्या प्रकाराचं नाही, त्यामुळे रक्त देऊन निकाल लावता येत नाही. सैल ऊतींमुळे शिरा ताणतात, रक्त खाली साचतं आणि म्हणून नाडी पळते, असं एक डॉक्टर सांगतात. दुसरे म्हणतात, दोन्ही एकत्र दिसतात म्हणून एकाने दुसरं झालं असं होत नाही. मला पहिलं पटतं, कदाचित ते सोपं आहे म्हणून.

आणि हो, मिठाचं. मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून जास्त मीठ घेते, तुम्ही घेऊ नका. मे महिन्यात पोटरीभर घट्ट मोजे घालते, ते पायांत रक्त साचू नये म्हणून, शौक म्हणून नाही. फुटाळा तलावावर मी तुम्हाला हसताना दिसले, तेव्हा मी बसलेली होते. ‘घाबरट आहेस’ असं म्हणता, तर खरं सांगते, दोनदा लोकांसमोर पडल्यावर भीती बसलीच आहे. ती आजारामागून आली, पण आहे. आणि एकदोन लग्नांना मी बरी असूनही आले नाही, हेच कारण सांगितलं. तेही कबूल.

दिवाळीत भावाची नऊ वर्षांची मुलगी धावत आली आणि म्हणाली, ‘आत्या, पहा गंमत!’ तिचा अंगठा मनगटाला टेकला होता. मी टाळ्या वाजवल्या. लहान मुलं लवचीकच असतात, बहुतेकांना पुढे काहीच होत नाही, हे मला माहीत आहे. भावाला सांगावं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.