कॅसेटवरची फुंकर

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या, सोलां आणि खाऱ्या मासळीची गर्दी संपते तिथे कुणीतरी तरट पसरून बसलेला असतो. गंजके पाने, टीव्हीचे अनाथ रिमोट, बिनबुचाचे थर्मास. त्यात एखादे दिवशी पिवळ्या प्लॅस्टिकची व्हिडिओ गेमची कॅसेट निघते. मग चाळिशीचा कुणीही माणूस बघावा. भाव विचारायच्या आधी तो ती उचलतो, उलटी करतो, ओठांशी नेतो आणि माऊथ ऑर्गन वाजवावा तशी डावीकडून उजवीकडे फुंकर मारतो. घरात गेम उरलेला नाही, असला तरी तो लावायला टीव्ही उरलेला नाही. फुंकर मात्र जाग्यावर.

फुंकरीला आपल्याकडे मान आहेच. चुलीला फुंकर, बशीतल्या चहाला फुंकर, खरचटलेल्या गुडघ्याला फुंकर. तेव्हा कॅसेटलाही ती लागू पडणार यात कुणाला शंका आली नाही. पण आता सांगून टाकायला हरकत नाही: तिनं काही होत नसे.

कॅसेटच्या तोंडात बोट घातलं तर एक हिरवी पट्टी लागते. तिच्या दोन्ही अंगांना तीस-तीस, मिळून ६० धातूचे दात. निन्टेंडो कंपनीचा जपानी गेम फॅमिकॉम आणि आपल्याकडे आलेल्या त्याच्या नकला याच ६० दातांच्या. काही दात प्रोग्रॅमकडे जातात, काही चित्रांकडे, कारण या यंत्रात दोन्हींचे रस्ते वेगळे. म्हणून नुसता पडदा बघून दुखणं कुठे ते ओळखता येतं. गाणं नीट वाजतंय, मारिओ उड्याही मारतोय, पण पडद्यावर विटा नि आकड्यांचा चुरा झालाय, तर चित्रांकडचा एखादा दात टेकलेला नाही. पडदा राखाडी किंवा एकरंगी होऊन गप्प, तर प्रोग्रॅमकडचा. आणि अस्सल फॅमिकॉमवर सगळं दिसतंय पण आवाज नाही, तर ४५ आणि ४६ नंबरचे दात तपासावेत. त्या यंत्रात आवाज आधी कॅसेटमध्ये जातो आणि तिथून परत येऊन टीव्हीकडे निघतो.

गुण यायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवण्याचा. ती आत-बाहेर होताना खाचेतल्या पट्ट्या दातांवरून घासल्या जात, वरचा काळा थर किंचित खरवडला जाई आणि दात टेकत. मध्ये आपण फुंकलेलं असायचं, म्हणून श्रेय फुंकरीला. उलट श्वासातली ओल दातांवर बसते आणि पुढच्या आठवड्याची कीट आज पेरून ठेवते. निन्टेंडोनं स्वतःच पुढे फुंकू नका म्हणून बजावलं होतं. गोव्यात तर हवाच वर्षातून चार महिने फुंकर मारत असते. जिथे कपड्यांना बुरशी धरू नये म्हणून कपाटात बल्ब पेटता ठेवतात, तिथे तांब्याच्या दातांचं काय होणार? चतुर्थीला काढलेली कॅसेट मे महिन्यातल्या कॅसेटपेक्षा दुप्पट हट्टी असे.

खरा उपाय साधा आहे. शाळेतला पांढरा मऊ खोडरबर घ्यावा, दातांच्या लांबीच्या दिशेनं हलक्या हातानं सात-आठदा फिरवावा, आडवा नाही, आणि चुरा खाचेत जाऊ न देता झटकावा. मग ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकाडीला लावून पुसावं, काडी काळी निघायची थांबेपर्यंत. पाच मिनिटं वाळू द्यावं. पॉलिश पेपर लावायचा मोह होतो, तो आवरावा. वरचा मुलामा गेला की खालचं तांबं उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात हिरवं होतं. आणि पट्टी साफ करून यंत्राची खाच तशीच ठेवणं म्हणजे पाय धुऊन चिखलात उभं राहणं.

गंमत म्हणजे जगातल्या पहिल्या घरगुती गेममध्ये घालायच्या कार्डात प्रोग्रॅम नव्हताच. १९७२चा मॅग्नावॉक्स ओडिसी. राल्फ बेअर या इंजिनिअरनं १९६६ साली कागदावर टाचण काढलं होतं, त्याचं हे फळ. त्यात प्रोसेसर नाही, आवाज नाही, चालायला जाड सहा सेल. सोबत जी कार्डं येत त्यांत चिप नसायची, नुसत्या तारांच्या जोडण्या. कार्ड बदललं की यंत्रातल्या वाटा बदलत. मैदान, जंगल, पछाडलेलं घर हे सगळं पारदर्शक प्लॅस्टिकवर छापून टीव्हीच्या काचेवर चिकटवायचं. गुण वहीत लिहायचे. फासेही डब्यात होते. थोडक्यात, सारीपाट आणि टीव्ही यांचं लग्न. माझ्या मते इतका प्रामाणिक व्हिडिओ गेम पुन्हा झाला नाही.

प्रोग्रॅम भरलेली कॅसेट आणली १९७६मध्ये फेअरचाइल्ड चॅनल एफनं, जेरी लॉसन यांच्या हाताखाली. तिचं नाव आज कुणी काढत नाही, कारण पुढच्याच वर्षी अटारी आला. अटारी २६००ची चालू स्मरणशक्ती १२८ बाइट. म्हणजे किती? मोबाइलवर ‘शुभ सकाळ’ हे देवनागरीत लिहिलं तर २२ बाइट लागतात; सहाव्यांदा लिहिताना जागा संपेल. एवढ्या जागेत त्यांनी जंगल, मगरी आणि उडणारी विमानं बसवली. मग हाव सुटली, वाटेल तसे गेम निघाले, आणि १९८३ला अमेरिकेतला बाजार कोसळला. न विकलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डोच्या खड्ड्यात पुरल्या. २०१४ला त्या उकरूनही काढल्या. कुणी फुंकर मारून बघितली असेलच.

ज्या वर्षी तिथे खड्डे खणले जात होते त्याच वर्षी, १५ जुलै १९८३ला, जपानात फॅमिकॉम विकायला आला, १४,८०० येनला. तोच पुढे अमेरिकेत गेला तो वेश पालटून. व्हिडिओ गेमचं नाव काढलं की दुकानदार दार लावून घेत, म्हणून त्याला व्हीसीआरसारखं रूप दिलं, कॅसेट समोरून सरकवून खाली दाबायची, ६०चे ७२ दात केले आणि परक्या कॅसेट चालू नयेत म्हणून आत कुलुपाची चिप बसवली. दाबून दाबून खाचेतल्या पट्ट्या सैल पडत, कुलपाच्या चिपेला कॅसेटमधली तिची जोडीदार सापडेना, आणि ती सेकंदाला एकदा यंत्र बंद-चालू करी. लाल दिवा लुकलुकायचा. तिकडची पोरंही मग फुंकर मारत. म्हणजे ही अंधश्रद्धा आपली एकट्याची नाही.

गोव्यात हा खेळ दोन वाटांनी आला, तारवट्याच्या, म्हणजे बोटीवरच्या खलाशाच्या पेटीतून आणि आखातातून आलेल्या खोक्यातून. पहिल्या वाटेत रडारड फार. जपानी बंदरात घेतलेला फॅमिकॉम १०० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टला लावला की अडॅप्टरचा वास घरभर. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन आणून वाचवला तरी चित्र येत नाही, कारण जपानचा एक नंबरचा चॅनल ९१.२५ मेगाहर्ट्झवर, आणि आपल्या जुन्या टीव्हीचा खालचा पट्टा ६८च्या आसपास संपतो, वरचा १७४ला सुरू होतो. यंत्र बोलतंय ते नेमकं मधल्या ओसाडीत, जिथे एफएम रेडिओ असतो. अमेरिकी यंत्राचा तीन नंबर जेमतेम पकडता येई, पण रंग नाही आणि आवाज नाही. तिकडे आवाज चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर, आपल्याकडे ५.५वर, आणि रंगाची तऱ्हाही निराळी. आखातातून आलेलं यंत्र मात्र लावल्या लावल्या चाले, कारण त्यांचा टीव्ही आणि आपला टीव्ही ‘पाल’ (PAL) या एकाच प्रक्षेपण पद्धतीचा. आखातातल्या काकाचा भाव बोटीवरच्या मामापेक्षा चढा का राहिला, त्याचं हे तांत्रिक कारण.

मग स्वस्तातल्या नकला आल्या आणि काका-मामा दोघांचीही गरज संपली. फॅमिकॉमच्या दोन मोठ्या चिपा आणि भोवतालचा पसारा एकाच चिपेत कोंबून वर काळ्या राळेचा थेंब टाकलेला. कुलूप नाही, मालकाचं नाव नाही. चूक एकच करायची नाही: फॅमिकॉमच्या घराण्यात अडॅप्टरची पिन आतून ऋण आणि बाहेरून धन असते. ट्रान्झिस्टरचा उलट अडॅप्टर बसतो म्हणून लावला की आतला ७८०५, म्हणजे व्होल्टेज पाचावर धरून ठेवणारा भाग, जातो, आणि जाताना कधी कधी थेंबालाही घेऊन जातो.

जोडणं हा तासाभराचा सोहळा. टीव्हीच्या पाठीमागचे अँटेनाचे दोन स्क्रू सैल करायचे, चपटी वायर काढून छोट्या डबीला लावायची, डबीची वायर टीव्हीला, डबीवरचा खटका ‘गेम’कडे. मग समोर येऊन शटर सरकवायचं, बटणांखालची झडप उघडायची. आत बारा बारीक चाकं आणि ती फिरवायला प्लॅस्टिकची काडी, जी पहिल्याच महिन्यात हरवलेली असते, म्हणून केसांची पिन. पट्ट्याचा खटका खालच्या व्हीएचएफवर. आता चाक फिरवायचं, अगदी हळू. मुंग्या, मुंग्या, मुंग्या. मग मुंग्या थोड्या दाट होतात, आवाजाची खरखर बसते, आणि मागून एक तिरकी सावली सरकते. ‘आली, आली! मेल्या, मागे ने, पुढे गेलास!’ एवढ्यात बाजूच्या खोलीतून आजी: ‘आरे, तें बंद कर पळय, आरतीक वेळ जालो.’ वर गणपतीसमोर टांगलेली फळापानांची माटोळी, खाली समई, आणि समोर टीव्हीवर निळं आकाश. त्या आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांचा आकार एकच, फक्त रंग बदललेला. आख्खा मारिओ ४० किलोबाइटमध्ये बसवायचा तर काटकसर हवीच. आज गुलाबाचं एक चित्र पाठवतो त्यात दोन-तीन मारिओ मावतील.

रिमोट दोन. म्हणजे रिमोट म्हणायचं आपण, तो पॅड. यंत्र दर क्षणाला पॅडला आठ प्रश्न विचारतं, नेहमी याच क्रमानं: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. उत्तरं एकाच तारेवरून एकामागून एक येतात, म्हणून आठ बटणांना पाच तारा पुरतात. यावरून दुरुस्ती सोपी होते. एकच बटण मेलं असेल तर रबराखालचा कार्बन झिजलाय; अल्कोहोलनं पुसा, नाही भागलं तर गोळीवर मऊ पेन्सिल घासा, महिनाभर चालेल. सगळीच मेली असतील तर वायर मानेशी तुटलीय, दोन इंच कापून पुन्हा डाग द्या. आणि धाकट्या भावाचा पॅड अजिबातच चालत नसेल तर तो लावलेलाच नाही. हे निदान घरोघरी सारखं.

कॅसेटवर लिहिलेलं ९९९९९९९ इन १. मोजायला कुणीच बसलं नाही, पहिल्या पानावरच कळायचं. दहा-वीस गेम, बाकी त्यांचीच उजळणी. पाचवा तोच सातवा, फक्त तिसऱ्या लेव्हलपासून. जतन करायची सोय नाही, तशी कॅसेट बॅटरीची आणि महाग. म्हणून टीव्ही बंद करून गेम रात्रभर चालू ठेवायचा, वर टॉवेल टाकून, जणू दही लावलंय. मग पहाटे लाईट जाई.

बदकं मारायच्या गेममधल्या प्लॅस्टिकच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. तिच्यातून काहीच सुटत नाही, ती नुसती बघते. चाप ओढला की पडदा एक निमिष काळा होतो, पुढच्या निमिषाला बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो; काळ्यानंतर पांढरं दिसलं तर बदक पडलं. आधी काळं दिसलंच पाहिजे, म्हणून ट्यूबलाइटवर नेम धरून भागत नसे. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र जरा उशिरा उमटतं, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं. कितीही नेम धरा, बदक मरत नाही आणि कुत्रा हसतो. त्याला काचेच्या नळीचा जुना टीव्हीच लागतो, आणि तो आता भंगारवालाही नाखुशीनं उचलतो.

तरटावरच्या त्या पिवळ्या कॅसेटचे चार स्क्रू उघडले तर आत दोन काळे थेंब दिसतील, एक प्रोग्रॅमचा, एक चित्रांचा. कुणी बनवली, कुठे, कधी, काही लिहिलेलं नसतं. थेंबाखालची एखादी केसाएवढी तार सुटली असेल तर खोडरबर, अल्कोहोल, फुंकर, सगळं सारखंच. राळ खरवडायला गेलं तर उरलेल्या ताराही तुटतात.

‘चलता?’ विचारलं तर तरटावरचा खांदे उडवतो. पन्नास म्हणतो, चाळीसला देतो.