किकर-वही: नवव्या आठवड्यापर्यंतची नोंद

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

परवा रविवारी एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, ह्यूस्टन टेक्सन्सचा किकर काइमी फेअरबेर्न याने पाच फील्ड गोल मारले (चेंडू किक मारून दोन खांबांमधून घालवायचा, संघाला तीन गुण). टेक्सन्सचे सबंध सामन्यात गुण पंधरा, आणि पंधराच्या पंधरा त्याच्या पायाचे. डेन्व्हर १८-१५ ने जिंकलं, पण ते टेक्सन्सचं दुखणं. माझं दुखणं असं की हा माणूस ऑगस्टमध्ये माझ्या फँटसी संघात होता (खरे खेळाडू निवडून कागदावर संघ करायचा, त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर आपले गुण) आणि सहाव्या आठवड्यात मीच त्याला सोडून दिला. ज्याने त्याला उचलला, नेमका त्याच्याशीच या आठवड्यात माझी गाठ होती. माझ्या किकरला दोन एक्स्ट्रा पॉइंट मिळाले (टचडाउन झाला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, की त्यानंतरची एका गुणाची किक). सामना मी नऊ गुणांनी हरलो.

तीन मोसम मी ही वही ठेवतोय आणि तिच्यात पहिल्या पानापासून एकच वाक्य ठळक लिहिलेलं आहे: किकर शेवटच्या फेरीत. फेरी म्हणजे ड्राफ्टची, मोसमाआधी आम्ही पाळीपाळीने खेळाडू निवडतो त्याची. ते वाक्य मी खोडणार नाही, पण त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहायची वेळ आलीये. ही नोंद त्या ओळीची.

आमची लीग बारा जणांची. सगळे डॅलसच्या उत्तरेकडे, प्लेनो-फ्रिस्को पट्ट्यात राहणारे मराठी लोक. सोळा फेऱ्या, म्हणजे एकूण १९२ निवडी, आणि त्यातली एक तरी प्रत्येकाला किकरवर खर्चावीच लागते. गुण नेहमीच्या हिशेबाने: ३९ यार्डांपर्यंत तीन, चाळिशीत चार, पन्नास आणि वर पाच, एक्स्ट्रा पॉइंटला एक, हुकला तर वजा एक.

यंदाचा ड्राफ्ट ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी झाला. दहाव्या फेरीत आमच्या लीगमधल्या एका वहिनींनी डॅलसच्या ब्रँडन ऑब्रीचं नाव पुकारलं आणि सगळं घर ओरडलं. दहाव्या फेरीत किकर! मी ओरडलो नाही, वहीत लिहून ठेवलं. कारण दहाव्या फेरीला काय हातचं जातं हे मी दोन मोसम मोजलंय. तिथे मिळतो तो चौथा-पाचवा रिसीव्हर (पास झेलणारा), किंवा कुणाचा तरी राखीव रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा). त्यातले निम्मे-अधिक ऑक्टोबरपर्यंत सोडून दिले जातात, पण एखाद्याच्या पुढच्या खेळाडूला दुखापत झाली की तोच तुमचा मोसम तारतो. किकरचं तसं होत नाही. पहिल्या क्रमांकाचा किकर आणि बाराव्या क्रमांकाचा किकर यांच्यात माझ्या वहीप्रमाणे आठवड्याला दोन-तीन गुणांचं अंतर पडतं, आणि पुढच्या वर्षी पहिला कोण असेल हे आदल्या वर्षीच्या यादीवरून कळत नाही. मी २०२४ला एका मोठ्या नावाच्या मागे लागून अकरावी फेरी खर्च केली होती. चूक त्या खेळाडूची नव्हती, मी नाव विकत घेतलं होतं.

खऱ्या एनएफएलच्या ड्राफ्टमध्येसुद्धा हेच दिसतं. टॅम्पा बेने २०१६ साली रॉबर्टो अग्वायोला दुसऱ्या फेरीत घेतलं, ५९वी निवड. कॉलेजात अतिशय अचूक असलेला पोरगा पहिल्या मोसमात ३१ पैकी २२ मारू शकला आणि पुढच्या मोसमाआधी संघाबाहेर गेला. उलट ऑब्रीला एनएफएलने ड्राफ्टमध्ये विचारलंच नव्हतं. तो मुळात फुटबॉलपटू, म्हणजे आपल्या अर्थाने फुटबॉल. २०१७ला टोरंटोच्या संघाने त्याला घेतलं होतं, ते जमलं नाही, मग तो सॉफ्टवेअर इंजिनिअर झाला. पुढे यूएसएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या दुसऱ्या, छोट्या लीगमध्ये बर्मिंगहॅमकडून किका मारल्या आणि २०२३ला डॅलसने बोलावलं. कारकिर्दीतले पहिले ३५ फील्ड गोल त्याने एकही न चुकवता मारले. असा विक्रम त्याच्याआधी कुणी केला नव्हता. आमच्या लीगमधले निम्मे लोक कोड लिहून पोट भरतात, त्यामुळे त्याच्यावर सगळ्यांचा जरा जास्तच जीव आहे.

मी मात्र सोळाव्या फेरीपर्यंत थांबलो आणि फेअरबेर्न घेतला. का, ते सविस्तर लिहितो, कारण या वहीचा सगळा जीव तिथेच आहे.

किकरचे गुण त्याच्या पायात कमी आणि त्याचा संघ कुठे अडकतो यात जास्त असतात. समजा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या ३३ यार्ड रेषेवर अडकला. त्यात एंड झोनचे, म्हणजे शेवटच्या रेषेमागच्या पट्ट्याचे, दहा मिळवा, आणि होल्डर (किकसाठी चेंडू धरणारा) मागे बसतो ते सात-आठ. झाली ५० किंवा ५१ यार्डांची किक, म्हणजे आमच्या हिशेबात पाच गुण. तोच संघ आणखी वीस यार्ड पुढे जाऊन अडकला तर तीन. आणि टचडाउन झाला तर किकरच्या वाट्याला एक. एनएफएलने २०१५ साली एक्स्ट्रा पॉइंट मागे नेला, आता तो ३३ यार्डांवरून मारावा लागतो, तेव्हा तो एकही फुकटचा राहिलेला नाही. थोडक्यात, मला हवा असतो असा संघ जो मैदानाचा मध्य सहज ओलांडतो पण शेवटच्या पट्ट्यात गुदमरतो. फार चांगला नको, फार वाईटही नको. फार वाईट संघ तिथपर्यंत पोचतच नाही.

दुसरी गोष्ट कोचचा स्वभाव. डेट्रॉइटचा जेक बेट्स छताखाली खेळतो, पाय जबरदस्त, संघ गुणांचा पाऊस पाडणारा. तरी माझ्या यादीत तो खाली. कारण त्यांचा कोच डॅन कॅम्पबेल चौथ्या डाउनला (दहा यार्ड जाण्याच्या चौथ्या, शेवटच्या प्रयत्नाला) किकरला बोलावण्याऐवजी पुन्हा खेळायला बघतो. जिथे दुसरा कोच तीन गुण घेऊन मोकळा होतो, तिथे हा सात मागतो. बघायला मला ते फार आवडतं. पण किकर म्हणून नको.

तिसरं छत. ह्यूस्टनचं छत बंद होतं, डॅलसचंही. वारा नाही, पाऊस नाही.

आणि चौथं, जे मी या वर्षीच नीट शिकलो, ते म्हणजे चेंडू. किकसाठी वेगळे चेंडू असतात. आधी ते सामन्याच्याच दिवशी हातात यायचे, नवे आणि कडक. यंदापासून संघांना ते आधी देतात, घासून-मळून तयार करायला. क्रिकेटमध्ये नवा चेंडू आणि चाळीस षटकं जुना चेंडू यातला फरक आपल्याला कुणी सांगायला लागत नाही, तसंच काहीसं. टॅम्पाच्या चेस मॅक्लॉफ्लिनने चौथ्या आठवड्यात उघड्या मैदानात ६५ यार्डांवरून मारला. परवा तर जॅक्सनव्हिलच्या कॅम लिटलने लास व्हेगसमध्ये ६८ मारला आणि जस्टिन टकरचा २०२१चा ६६चा विक्रम मोडला. सगळंच श्रेय चेंडूला द्यायचं नाही, ही पोरं तयारीचीच आहेत. पण ज्या अंतरावरून कोच पूर्वी पंट करायचे (चेंडू लांब मारून प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकायचे) तिथून आता किकरला बोलावतात, आणि आपल्या दृष्टीने ते महत्त्वाचं. पाच गुणांची दारं वाढली.

आता आठवड्यांच्या नोंदी.

पहिला आठवडा: टेक्सन्स रॅम्सकडून १४-९ हरले. नऊच्या नऊ फेअरबेर्नचे. वहीत लिहिलं, "अडकतात. बरोबर." त्याच रात्री बफेलोत वेगळंच घडलं. आमच्यातल्या एकाने टायलर बासला घेतलं होतं, तो दुखापतीने बाहेर गेला. त्याच्या जागी त्याच आठवड्यात आलेल्या ४१ वर्षांच्या मॅट प्रेटरने शेवटच्या क्षणी ३२ यार्डांवरून मारून बाल्टिमोरला ४१-४० हरवलं. आमच्या लीगमध्ये प्रेटर तेव्हा कुणाकडेच नव्हता. जागा चांगली असली की नवा आलेला माणूसही गुण घेऊन जातो, हे वहीतलं जुनंच म्हणणं पुन्हा खरं ठरलं.

दुसरा आठवडा, १४ सप्टेंबर. हा मी वहीत नाही, आर्लिंग्टनच्या, म्हणजे डॅलस संघाच्या, स्टेडियममध्ये बसून अनुभवला. मुलीला घेऊन गेलो होतो, वरच्या मजल्यावर, एका कोपऱ्यात. जायंट्सने पंचवीस सेकंद उरले असताना लांबलचक टचडाउन मारून ३७-३४ आघाडी घेतली आणि आमच्या आसपासची माणसं उठून जायला लागली. आम्ही बसून राहिलो, कारण मी दुर्बिणीतून ऑब्रीकडे बघत होतो. तो बाजूच्या जाळीत मारत होता, एक, मग चार पावलं चालणं, मग दुसरी. कुणाकडे बघत नव्हता. मग त्याला बोलावलं. ६४ यार्ड. मुलीने विचारलं, "बाबा, एवढ्या लांबून?" होल्डर ब्रायन अँगर गुडघ्यावर बसला, त्याने दोन बोटांनी मैदानावरची एक जागा चाचपून पाहिली. ऑब्री मागे गेला, बाजूला सरकला, मान खाली. एवढ्या वरूनही पायाचा आवाज आला. दार धाडकन लावल्यासारखा नाही, जड पुस्तक सपाट टेबलावर पडल्यासारखा. चेंडू हवेत असताना माझ्या मुलीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की रात्री तिथे खुणा होत्या. चेंडू दोन्ही खांबांच्या मधून गेला. ते खांब एकमेकांपासून साडेअठरा फूट लांब असतात, आणि आमच्या जागेवरून ते अंतर दोन बोटांएवढं दिसत होतं. जादा वेळेत त्यानेच ४६ यार्डांवरून मारून ४०-३७ ने सामना संपवला.

घरी येऊन वहिनींच्या दहाव्या फेरीसमोर मी लिहिलं, "पटतंय."

तिसरा आठवडा मात्र किकर पाळणाऱ्या सगळ्यांना जड गेला. फिलाडेल्फियाने रॅम्सच्या दोन किका अडवल्या, शेवटची तर अडवून थेट टचडाउनला नेली. पाय कितीही चांगला असू दे, समोरच्या रांगेतला एक धिप्पाड गडी हात वर करून आत घुसला की संपलं. हे आधी ओळखायची पद्धत मला अजून सापडलेली नाही. कुणाकडे असेल तर खरंच सांगा.

सहावा आठवडा. टेक्सन्सचा बाय, म्हणजे सामना नसलेला आठवडा. माझ्या बाकावर दोन जखमी रनिंग बॅक, जागा नाही. "किकर काय, कुठलाही चालतो" हे माझंच वाक्य मी स्वतःला ऐकवलं आणि फेअरबेर्नला सोडलं. बुधवारी सकाळी तो दुसऱ्याच्या संघात. त्यानंतर दर आठवड्याला मी वेव्हरवरून, म्हणजे कुणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंतून, एकेक किकर आणतोय, छत बघून, वेगासच्या सट्टेबाजांनी त्या संघाला किती गुण लावलेत ते बघून. वाईट चाललं नाही. पण परवासारखे पाच फील्ड गोल त्यातल्या एकानेही मारले नाहीत.

तर ती नवी ओळ अशी: किकर शेवटच्या फेरीत घ्या, पण तुम्ही मुद्दाम शोधून काढलेला, अडकणाऱ्या संघाचा, छताखालचा किकर असेल तर बायच्या आठवड्यासाठी त्याला सोडू नका. बाकावरचा सहावा रिसीव्हर सोडा. जागा शोधायला जी मेहनत मी ऑगस्टमध्ये केली, ती ऑक्टोबरात एका आठवड्याच्या अडचणीसाठी फुकून टाकली.

गेल्या महिन्यात आमच्या कमिशनरने, म्हणजे लीग चालवणाऱ्याने, किकर ही जागाच काढून टाकायचा प्रस्ताव ग्रुपवर टाकला होता. पुष्कळ लीग तसं करतात, नशिबाचा खेळ म्हणून. मी लांबलचक उत्तर लिहिलं. फँटसी फुटबॉल सुरू केलं ते बिल विंकेनबाख आणि त्यांच्या मित्रमंडळीने, ओकलंडच्या रेडर्सच्या वर्तुळात. कल्पना १९६२ची, पहिला ड्राफ्ट १९६३चा. त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिलं नाव पुकारलं गेलं जॉर्ज ब्लँडाचं, नामवंत रनिंग बॅक जिम ब्राउनचं नाही. ब्लँडा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) होता आणि किकरही. तोच माणूस पुढे १९७५पर्यंत, वयाच्या ४८व्या वर्षापर्यंत, किका मारत राहिला. ज्या खेळाची पहिली निवडच किक मारणाऱ्याची होती, त्यातून किकर काढायचा? मतदान आठ विरुद्ध चारने किकरच्या बाजूने झालं. मला फार बरं वाटलं.

आता हा आठवडा. ऑब्रीच्या संघाचा, डॅलस काऊबॉइजचा, बाय आहे. आज दुपारी वहिनींचा मेसेज आला: "भावोजी, ऑब्रीला ठेवतेय. एका आठवड्यापुरता कोण घेऊ?" ऑब्रीला ठेवतेय! जे मला सहाव्या आठवड्यात सुचलं नाही ते त्यांनी विचारायच्या आधीच ठरवलं होतं.

मी त्यांना कॅम लिटल सांगितला. जॅक्सनव्हिल रविवारी ह्यूस्टनला येतंय, छताखाली. आणि समोर फेअरबेर्न, म्हणजे परवा विक्रम मारलेला आणि परवाच पाच मारलेला, दोघे एकाच मैदानावर. मी स्वतः डेन्व्हरच्या विल लट्झवर दावा लावलाय. सामना गुरुवारी रात्री, घरच्या मैदानावर, रेडर्सविरुद्ध. समुद्रसपाटीपासून ५२८० फूट वर हवा विरळ, चेंडू लांब जातो. प्रेटरने २०१३ला ६४ यार्डांवरून मारला तो याच गावात, तोही डिसेंबरात. वेव्हरचे निकाल पहाटे लागतील. मिळाला तर गुरुवारी, मुलीचा गृहपाठ लवकर उरकून, दोघं मिळून बघणार आहोत.