सात नंबरचं झाड

वरुडकडच्या त्या बागेतून फोन आला तो डिंक्याचा, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाचा, म्हणूनच. संत्र्याच्या खोडाची साल उकलली की आपल्याकडे पहिलं नाव डिंक्याचं निघतं, आणि बहुतेकदा ते बरोबरही असतं. काकांची बोर्डो पेस्ट दोनदा लावून झाली होती. मी जाऊन पाहिलं तर डिंकाचा थेंब नाही. साल उकलली होती ती फक्त खुंटावर, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर संत्र्याचं कलम करतात त्यावर, डोळा भरलेल्या जागेच्या खाली. सुक्या खपल्या नखाने निघत होत्या. सहा वर्षांची झाडं तीन वर्षांची दिसत होती.

"खुंट कोणता, काका?"

"रंगपूर. या खेपेले जंभेरी नाही घेतली."

तिथे माझ्या डोक्यात एक्झोकॉर्टिस आला, विरॉइड नावाच्या, विषाणूहूनही लहान रोगकारकाने होणारा रोग. जंभेरीवर तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. रंगपूर लाईमवर मात्र साल सोलून बाहेर पडतो.

सहा आजारी झाडांची पानं घेतली आणि तुलनेसाठी एक निरोगी झाड दाखवा म्हटलं. काका मला जुन्या बागेत घेऊन गेले. वडिलांनी लावलेलं, जंभेरीवरचं, आंबिया बहाराने वाकलेलं झाड. त्याला मी सात नंबर दिला. या झाडावरून डोळकाडी, म्हणजे कलमासाठी डोळे काढायची फांदी, कुठे जाते हे मी विचारलंच नाही. ही माझी चूक.

तपासणी आरटीपीसीआरने करणार म्हटल्यावर काका हसले होते. "म्हणजे झाडाच्या नाकात काडी टाकता का मॅडम?" त्यांना पाच मिनिटांत उत्तर देणारं किट हवं होतं. पण तशी किटं आणि एलायझासुद्धा रोगजंतूचं प्रथिन ओळखतात, आणि विरॉइडला प्रथिनच नसतं. वर आवरण नाही, काही नाही. आरएनएचं एक उघडं वेटोळं, बस. कोरोनाच्या विषाणूची अक्षरं तीस हजारांच्या घरात, याची जेमतेम ३७१. १९७१ साली डीनर यांनी बटाट्यातल्या अशाच एका रोगकारकाला 'विरॉइड' हे नाव दिलं, तेव्हा एवढ्याशा वस्तूने रोग होतो हे कित्येकांना पटलं नव्हतं. मला अजूनही कधीकधी पटत नाही.

संत्र्याच्या पानातून आरएनए काढणं हे कटकटीचं काम. जरा हात सैल पडला की अर्क चहासारखा लाल होतो आणि पुढची रिअ‍ॅक्शन बसते. त्यात हे वेटोळं स्वतःतच इतकं घट्ट मिटलेलं असतं की ९५ अंशांवर उकलून लगेच बर्फात खुपसावं लागतं, नाहीतर एन्झाइमला ते वाचताच येत नाही.

विरॉइड असला की जेलवर पट्टी चमकते. पहिल्या जेलमध्ये सातही झाडं चमकली. पण नुसत्या पाण्याच्या नळीतही, जिथे काहीच दिसायला नको, पुसट पट्टी होती. म्हणजे माझ्याच पिपेटने कुठेतरी घाण केली होती. खरं सांगते, मला हायसं वाटलं. सात नंबरचा उलगडा झाला असं समजून सगळं फेकलं, टेबल ब्लीचने पुसलं, नवीन पाणी, नवीन टिप्स, आणि पानांपासून पुन्हा सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला जेल यूव्हीखाली धरलं. पाणी काळं. आमच्या हरितगृहातलं निरोगी रोप काळं. एक ते सहा झळकत होते, आणि त्यांच्या शेजारी, त्याच रेषेत, चारशे अक्षरांच्या खूण-पट्टीच्या जरा खाली, सात.

फोन लावला.

"काका, ते जुनं झाड... नव्या बागेची डोळकाडी त्याचीच का?"

"मंग! त्याच्यापेक्षा चांगलं झाड हाय का माह्याकडं?"

सांगितलं. बराच वेळ पलीकडून फक्त पंप ऐकू येत होता. "काहून मॅडम, त्याले तं काहीच झालं नाही."

तेच तर. त्याला काही होणारही नव्हतं. ते तोडायची गरज नाही, फळं घ्या, पण एकही डोळा काढू नका, असं म्हटलं. औषध नाही. वाण राखायचाच तर प्रयोगशाळेत शेंड्याच्या टोकाचं सूक्ष्मकलम करून स्वच्छ रोप मिळवता येतं, पण त्याला वेळ लागतो. मग चाकूचं विचारलं. एकच चाकू, झाडागणिक स्पिरिटात बुडवून. स्पिरिटने विरॉइडचं काही बिघडत नाही. ब्लीचच्या पाण्यात बुडवायला हवा होता.

"इतके वर्ष स्पिरिटच वापरलं," ते म्हणाले. मग आवाज खाली गेला. "मॅडम, या झाडाच्या काड्या मी गावात बी देल्या. वही हाय माह्याकडं. थांबा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कपाट उघडल्याचा आला. मी जेलच्या फोटोचा कागद उलटा केला आणि पेनचं टोपण काढलं. त्यांनी पहिलं नाव वाचलं.